सर्वनामातला माणूस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर शाळेत इंग्रजी शिकवलं. म्हणून विषय इंग्रजीचाच घ्यावा असं मी ठरवलं आणि त्यातलाही एक अगदी लहान कोपरा निवडला. माणसाविषयी बोलताना इंग्रजीत एकाच जागेसाठी दोन-दोन, तीन-तीन सर्वनामं पुढे येतात. 'हू' म्हणायचं की 'दॅट'? माणूस पुरुष की स्त्री हे ठाऊक नसेल तर 'ही' म्हणायचं की 'दे'? समोरच्याला 'दाउ' म्हणायचं की 'यू', हा प्रश्न आज उरलेला नाही. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी या प्रश्नावरून इंग्लंडात लोकांनी मार खाल्ला आहे.

हे सगळं व्याकरणाच्या तासाचं काम वाटेल. मला ते तसं वाटत नाही. सर्वनाम निवडताना आपण एका माणसाला कुठे उभं करायचं ते ठरवत असतो: माणसांत की वस्तूंत, बरोबरीला की खाली, कायद्याच्या आत की बाहेर. इंग्रजीच्या इतिहासात हे तिन्ही प्रश्न सर्वनामांच्या आडून लढले गेले. त्याच क्रमानं मी बोलणार आहे. एक सूचना आधीच करतो. आज मी 'ही' म्हणेन तेव्हा ते इंग्रजीतलं पुल्लिंगी सर्वनाम समजा. आपल्या कानाला ते स्त्रीलिंगी वाटतं, म्हणून सांगितलं.

सुरुवात 'हू' आणि 'दॅट'पासून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना आणि त्यांच्या नंतरच्यांनाही एक नियम पाठ असतो: माणसासाठी 'हू', वस्तूसाठी 'व्हिच'. मग 'दॅट' कुणासाठी? पुष्कळ शिक्षक सांगतात की 'दॅट' वस्तूंसाठीच. 'द मॅन दॅट केम यस्टरडे' असं लिहिलं की वहीत तांबडी रेघ. ही रेघ योग्य आहे का?

इतिहास विचारला तर मुळीच नाही. या तिघांतलं वाक्याला वाक्य जोडणारं सर्वांत जुनं सर्वनाम 'दॅट'च. चौदाव्या शतकात चॉसर लिहीत होता तेव्हा पुरुष, स्त्री, घोडा, जहाज, देव, सगळ्यांसाठी सर्रास 'दॅट' चालत असे. 'हू' भाषेत होतं, पण ते मुख्यतः प्रश्न विचारणारं, आपल्या 'कोण'सारखं. 'जो'चं काम करणारं 'हू' कर्त्याच्या जागी रुळायला सोळावं शतक उजाडावं लागलं. आणि 'व्हिच'? ज्याला आपण वस्तूंचं सर्वनाम म्हणतो, ते 'व्हिच' त्या काळात माणसांसाठीही बिनदिक्कत वापरलं जाई. 1611 साली इंग्लंडात राजाज्ञेनं बायबलचं भाषांतर छापलं गेलं. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध प्रार्थनेत स्वर्गातल्या पित्यासाठी जे सर्वनाम आहे, ते 'व्हिच' आहे. परमेश्वराला 'व्हिच' म्हणताना त्या विद्वान भाषांतरकारांच्या मनात काही कमीपणा होता का? शक्यच नाही. पुढे भाषेचा कान बदलला. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चनं 1789 मध्ये आपलं प्रार्थनापुस्तक काढलं, तेव्हा त्या जागी 'हू' घातलं. इंग्लंडात मात्र जुनं 'व्हिच' पुढेही पिढ्यान्पिढ्या म्हटलं गेलं.

या भांडणाचा एक मोठा देखणा दस्तऐवज आहे. 1711 मध्ये अ‍ॅडिसन आणि स्टील यांच्या 'स्पेक्टेटर' या लंडनच्या पत्रात एक विनंतीअर्ज छापून आला. अर्जदार कोण? 'हू' आणि 'व्हिच'. तक्रार कोणाविरुद्ध? 'दॅट'विरुद्ध. आम्ही जुने, घरंदाज. या उपटसुंभानं आमची जागा बळकावली, असा अर्जाचा सूर. थोड्याच दिवसांत 'दॅट'चं प्रत्युत्तरही त्याच पत्रात आलं. लिखाण खेळकर होतं, पण वाद खरा होता, आणि अर्जदारांचा दावा इतिहासाच्या बरोबर उलट होता. घर 'दॅट'चं होतं, नंतर आलेले 'हू' आणि 'व्हिच' होते. असं का झालं असेल? लिहिणारे लोक लॅटिन शिकलेले होते. लॅटिनमध्ये असं सर्वनाम लिंग, वचन, विभक्ती सगळं दाखवतं. त्यापुढे काहीच न दाखवणारं 'दॅट' त्यांना ओबडधोबड वाटलं. बोलणारे लोक मात्र 'दॅट' म्हणतच राहिले. आजही म्हणतात.

तर मग आज काय लिहावं? शिक्षक मंडळी समोर आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. माणसासाठी 'दॅट' चूक नाही, त्यावर तांबडी रेघ ओढू नका. अमुक प्रकारचा माणूस, कोणीही असा जो, असं म्हणायचं असेल तेव्हा 'दॅट' सहज बसतं. माणूस आणि वस्तू, किंवा माणूस आणि जनावर, एकाच वाक्यात एकत्र आले तर 'दॅट' हाच सोयीचा मार्ग. पण माणूस कोणता हे आधीच ठरलेलं आहे, त्याचं नाव घेतलं आहे आणि स्वल्पविराम देऊन आपण त्याच्याविषयी आणखी काही सांगतो आहोत, तिथे 'दॅट' चालत नाही, तिथे 'हू'च. आणि एक गोष्ट नियमाच्या पलीकडची. आजच्या वाचकाच्या कानाला 'हू'मध्ये माणूस अधिक जवळचा ऐकू येतो. म्हणून शोकपत्रात, सत्काराच्या मानपत्रात, एखाद्या रुग्णाविषयी किंवा कैद्याविषयी लिहिताना मी 'हू' लिहितो. 'दॅट' अशुद्ध आहे म्हणून नाही. वाचणाऱ्याला त्या जागी माणूस दिसावा म्हणून.

'हू'मध्ये ही ताकद आहे याचा पुरावा माणसांच्या बाहेर मिळतो. जेन गुडॉल 1960 मध्ये टांझानियातल्या गोंबे इथे चिंपांझींचा अभ्यास करायला गेल्या. त्यांचा सुरुवातीचा शोधनिबंध संपादकांकडून परत आला तेव्हा चिंपांझींसाठी लिहिलेली 'ही', 'शी', 'हू' ही सर्वनामं खोडून तिथे 'इट' आणि 'व्हिच' घातलेलं होतं. गुडॉल यांनी ते पुन्हा खोडलं आणि आपली सर्वनामं परत घातली. हा प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. विचार करा, निबंधातलं एकही निरीक्षण बदललेलं नव्हतं, एकही आकडा बदललेला नव्हता. तरी दोन्ही बाजूंना ठाऊक होतं की प्राणी ही 'वस्तू' आहे की 'कोणी' आहे याचा निकाल त्या दोन-तीन अक्षरांत लागतो आहे.

आता दुसरी जोडी, 'दाउ' आणि 'यू'. इथे मी फार थांबणार नाही, कारण तू आणि तुम्ही यांतलं अंतर आपल्याला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही ते होतं. 'दाउ' एकवचनी, 'यू' अनेकवचनी. पुढे फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावानं मोठ्या माणसाला अनेकवचनानं संबोधण्याची पद्धत आली आणि 'दाउ' खालच्यासाठी, जवळच्यासाठी किंवा अपमानासाठी उरलं. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना 'दाउ' म्हटलं, आणि आपण मुद्दाम 'दाउ' म्हणतो आहोत हेही ठणकावून सांगितलं. आरोप होता तो होताच. हा त्यावरचा वेगळा घाव होता.

अर्ध्या शतकानंतर क्वेकर पंथाचे लोक पुढे आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: देवापुढे सगळे सारखे, मग एका माणसाला अनेकवचन का? ते न्यायाधीशालाही 'दाउ' म्हणत, जमीनदारालाही 'दाउ' म्हणत, आणि टोपीही काढत नसत. त्यासाठी त्यांना शिव्या मिळाल्या, मार मिळाला. 1660 मध्ये या पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी दोन सहकाऱ्यांसह एक जाडजूड पुस्तकच काढलं, अनेक भाषांतले दाखले देऊन, की एकाला एकवचन हीच सत्याची भाषा आहे. त्यांची तळमळ खरी होती. पण भाषा दुसऱ्या वाटेनं गेली. समता आली, पण सगळे 'दाउ' होऊन नाही, सगळे 'यू' होऊन. गाडीवानही 'यू', उमरावही 'यू'. सगळ्यांना मानाच्या पायरीवर घेतलं गेलं आणि खालची पायरी हळूहळू ओस पडली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या वादात ती कामाची आहे. एकट्या माणसाला आपण 'यू आर' म्हणतो. क्रियापद अनेकवचनी, माणूस एक. याला आज कोणी चूक म्हणतं का?

मग 'दे'ला का म्हणतात? माणूस एक आहे, पण पुरुष की स्त्री हे माहीत नाही. आपण मराठीत काय करतो? 'कोणीतरी आलं होतं, त्यांनी निरोप ठेवलाय.' 'कुणाचा तरी फोन होता, त्यांनी नाव नाही सांगितलं.' आलं हे नपुंसकलिंगी, त्यांनी हे अनेकवचनी, आणि माणूस एकच. हे आपल्याला कोणी व्याकरणात शिकवलं नाही. घराघरांत लोक असंच बोलतात आणि कोणाचा गैरसमज होत नाही. इंग्रज माणूसही चौदाव्या शतकापासून हेच करत आला आहे. एव्हरीवन, समबडी, एनीवन यांच्यामागून 'दे' येतं. शेक्सपिअरच्या लिखाणात ते आहे, जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तर जागोजागी आहे. आडवं आलं ते अठराव्या शतकातलं व्याकरण. एव्हरीवन एकवचनी, म्हणून सर्वनाम एकवचनी हवं, आणि लिंग ठाऊक नसेल तर पुल्लिंगी 'ही' घ्यावं, त्यात स्त्रिया आल्याच, असा नियम झाला. तो सांगणारं एक अगदी जुनं पुस्तक अ‍ॅन फिशर या न्यूकॅसलमध्ये शाळा चालवणाऱ्या बाईंचं आहे. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यांना वर्गासाठी एक नेटका नियम हवा होता. पण वचनाची चूक टाळायला नियमानं लिंगाची चूक पदरात घेतली. दोन्हींपैकी जड कोणती, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला नाही.

काहींनी नवं सर्वनाम घडवून पाहिलं. अमेरिकन वकील आणि संगीतकार चार्ल्स कॉन्व्हर्स यांनी 1884 मध्ये 'थॉन' सुचवलं. 1934 च्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशात त्याला जागाही मिळाली, आणि 1961 च्या आवृत्तीत ती गेली. कोशानं दार उघडलं तरी तोंडात आलं नाही तर शब्द राहत नाही. 'दे' मात्र कोणी आणलं नव्हतं, त्यामुळे ते घालवणंही कोणाला जमलं नाही. आज मोठमोठ्या वृत्तसंस्था आणि विद्यापीठीय लेखनाच्या नियमावल्या ते मान्य करतात. 2019 मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशानं 'दे' हाच वर्षाचा शब्द निवडला. त्यामागे आणखी एक कारण होतं. स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी कोणत्याच रकान्यात न बसवणारी माणसं आपल्यासाठी 'दे' वापरा असं सांगू लागली आहेत. पुण्या-मुंबईतल्या कचेऱ्यांत परदेशी सहकाऱ्यांच्या पत्राखाली नावापुढे सर्वनामं लिहिलेली आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असतील. मला विचाराल तर माणसानं स्वतः सांगितलेलं सर्वनाम वापरावं. नाव कसं उच्चारायचं हे आपण त्या माणसालाच विचारतो, तसंच हे. सवय व्हायला वेळ लागेल, जीभ अडखळेल. अडखळू द्या.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो. 'ही' म्हटलं की त्यात 'शी' आलीच, असं व्याकरण म्हणत होतं. खरंच येत होती का? हे तपासायला एक पक्की जागा आहे, न्यायालय. तिथे शब्दाचा अर्थ काय हे कोणाला तरी निकाल देऊन सांगावं लागतं.

1850 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कायदाच केला: अधिनियमांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश धरावा, उलट काही स्पष्ट म्हटलेलं नसेल तर. 1867 मध्ये मताधिकाराचं विधेयक आलं. त्यात मतदारासाठी 'मॅन' हा शब्द होता. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 'मॅन' काढून 'पर्सन' घाला अशी दुरुस्ती मांडली. बाजूनं मतं 73, विरुद्ध 196. दुरुस्ती पडली. तरी मँचेस्टरच्या बायकांनी म्हटलं, 'मॅन' तर 'मॅन', 1850 चा कायदा आहेच ना? पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी मतदार म्हणून दावा केला. 1868 मध्ये चोर्लटन विरुद्ध लिंग्ज या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की नाही, या 'मॅन'मध्ये स्त्रिया येत नाहीत. उलट काही स्पष्ट म्हटलेलं होतं का? मताधिकाराच्या कायद्यात तसं एक अक्षरही नव्हतं. स्त्रिया परंपरेनंच अपात्र, एवढं कारण पुरलं. करांच्या आणि शिक्षांच्या कायद्यांत मात्र त्याच पुल्लिंगी शब्दांत त्या येत होत्या. कर भरायला 'ही'मध्ये आत, मत द्यायला 'ही'च्या बाहेर.

हे सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे 1897 मध्ये सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम आला. त्याचं तेरावं कलम तेच सांगतं: पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात, विषयाशी किंवा संदर्भाशी विसंगत नसेल तर. या 'विसंगत नसेल तर'कडे लक्ष ठेवा. 1916 मध्ये रेजिना गुहा नावाच्या कायद्याच्या पदवीधर बाईंनी वकिलीची सनद मागितली. 1879 चा वकिलांचा कायदा पुल्लिंगी सर्वनामांत लिहिलेला होता. त्यांच्या बाजूनं तेरावं कलम दाखवण्यात आलं. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते ऐकून नकार दिला. 1921 मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्यात तोच अनुभव आला. कायद्याचा अभ्यास झालेला, परीक्षा उत्तीर्ण झालेली, अडसर एका सर्वनामाचा.

आणि कॉर्नेलिया सोराबजी? जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. 1892 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण त्या विद्यापीठानं स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती 1920 मध्ये. इकडे येऊन पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेची कामं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली, त्यांच्यासाठी झगडल्या, पण न्यायालयात वकील म्हणून उभं राहण्याचा हक्क नव्हता. 1921 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांना सनद दिली. त्याच वर्षी पाटण्यानं नकार दिलेला, लक्षात घ्या. देश एक, राज्यकर्ते तेच, तेरावं कलम तेच. अलाहाबादला 'ही'मध्ये स्त्री मावते आणि पाटण्याला मावत नाही! शेवटी 1923 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला की केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीला अपात्र ठरवता येणार नाही. 'स्त्री' हा शब्द कागदावर यावा लागला, तेव्हा दार उघडलं.

कोणी म्हणेल, 'ही' नको, निर्लिंगी शब्द वापरला की झालं. तेही पुरेसं नव्हतं. कॅनडाच्या घटनेत सिनेटवर 'पर्सन्स' नेमावेत असं होतं. 1928 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यात स्त्रिया येत नाहीत. पाच स्त्रियांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली, तेव्हा 1929 मध्ये लॉर्ड सँकी यांनी निकाल दिला की येतात. स्त्री ही व्यक्ती आहे की नाही, हे ठरायला 1929 साल लागलं.

मग आपली राज्यघटना? तिच्या इंग्रजी संहितेत राष्ट्रपतींसाठी 'ही' आहे. पद धारण करण्याच्या तारखेपासून पाच वर्षं, हे सांगतानाही 'ही' आणि 'हिज'. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या, 2022 मध्ये द्रौपदी मुर्मू झाल्या. 'ही'मध्ये 'शी' येते का असा वाद घेऊन कोणी त्यांना अडवलं नाही. का? तेरावं कलम घटनेच्या अर्थासाठीही लागू आहे, हे खरं. पण तेच कलम रेजिना गुहांच्या वेळीही होतं. फरक असा की या घटनेनं लिंगावरून भेदभाव करायचा नाही हे निराळ्या कलमात लिहून ठेवलं आहे आणि प्रत्येक प्रौढाला मत दिलं आहे. ज्या सभेनं ती लिहिली तिच्यात पंधरा स्त्रिया बसल्या होत्या. विसंगतीची पळवाट आधीच बुजवली होती, म्हणून 'ही' निमूटपणे काम करू शकलं.

अगदी अलीकडे एक नवी गोष्ट घडली आहे. आपल्या संसदेनं 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात व्यक्तीसाठी 'शी' आणि 'हर' वापरलं आहे, आणि व्याख्येत सांगितलं आहे की 'शी'मध्ये कोणत्याही लिंगाची व्यक्ती येते. माझ्या हाती असतं तर मी तिथे 'दे' लिहिलं असतं, कारण ते सगळ्यांचं आहे आणि सहाशे वर्षं चाललेलं आहे. पण या मसुद्यानं एक काम केलं, ज्याबद्दल मी तो लिहिणाऱ्यांचा आभारी आहे. व्याख्यांच्या आरंभी या कायद्यातही ती जुनी सवलत आहेच, की संदर्भानं वेगळा अर्थ आवश्यक नसेल तर. पळवाट तिथेही आहे. आणि तरी या 'शी'मध्ये आपण येतो की नाही हे विचारायला एकाही पुरुषाला न्यायालयाची पायरी चढावी लागेल, असं या सभागृहात कोणाला वाटतं का?